शिवलेला वाघ मांजरासारखा का दिसतो?

चोपडा तालुक्यातल्या एका महिला बचत गटाने विचारलं आहे: "आम्ही कापडी वाघ शिवायला घेतले आहेत. कापड बरं आहे, शिलाईही पक्की आहे, पण गावातली पोरं बघून म्हणतात, 'हाऊ वाघ नही, मांजर शे!' पट्टे कमी पडतात का? डोळे कुठले लावावेत? पांढरा वाघ आणि चित्ताही करून बघू का? आणि दुकानात विकायला काही मार्क लागतो का?"

ताई, पोरं बरोबर बोलतात. तुमच्या वाघाचा फोटो मी मोठा करून पाहिला. पट्टे कमी नाहीत, उलट जरा जास्तच झालेत. घोटाळा आहे तो तोंडावर. मी जळगावात बरीच वर्षं सॉफ्ट टॉय शिवते, शिकवते, आणि नव्या हाताचा वाघ बहुतेक वेळा तीनच ठिकाणी मांजर होतो: डोळे, कान आणि नाकाचा दांडा. ही तीन ठिकाणं सुधारली तर एकही पट्टा नसलेला नमुनासुद्धा पोरं वाघ म्हणूनच उचलतात. पट्टे काढण्याआधी एक नमुना तसाच कोरा शिवून पोरांपुढे ठेवा, लगेच कळेल.

डोळ्यांपासून सुरू करते. दुकानात 'वाघाचे डोळे द्या' म्हटलं की दुकानदार पिवळ्या गोलात उभी काळी चीर असलेले डोळे पुढे करतो. ते घ्यायचे नाहीत. उन्हात घरच्या मांजराच्या डोळ्यांतली बाहुली चिरेसारखी उभी आणि बारीक होते. वाघाची तशी होत नाही. उजेडात ती लहान होते, पण गोलच राहते. सिंह आणि बिबट्याचंही तसंच आहे. म्हणजे आपल्याला हवा तो मधासारख्या पिवळ्या-तपकिरी रंगाचा, मध्ये गोल काळी बाहुली असलेला डोळा. तो दुकानात बहुतेक 'टेडीचे डोळे' म्हणूनच पडलेला असतो. नाहीच मिळाला तर साधा काळा गोल लावा, पण चीर नको.

आता आकार. जिवंत वाघाचं डोकं बघितलंत तर डोळे त्या मानाने लहानच असतात. खेळण्यात आपण ते मोठे करतो, डोकं धडाच्या मानाने मोठं ठेवतो, पाय आखूड करतो. ही लबाडी जाणूनबुजून केलेली आहे. मोठं डोकं, फुगीर गाल, चेहऱ्यावर जरा खाली बसवलेले मोठे डोळे, हे दिसलं की माणसाला माया येते, असं कोनराड लोरेंझ या ऑस्ट्रियन प्राणिशास्त्रज्ञाने 1943 साली मांडलं होतं. आपण तान्ह्या बाळाकडे ज्या नजरेने बघतो तीच ही नजर. म्हणून मोजमापात खोटं बोलायला माझी हरकत नसते. खुणांमध्ये खोटं बोललं की मात्र जनावर बदलतं. डोळा मोठा चालेल, बाहुली उभी चालणार नाही. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना मी हा एवढा एकच नियम सांगते, बाकीचं सगळं त्याच्या पोटात येतं.

डोळ्याच्या वर, भुवईच्या जागी, वाघाला पांढरा डाग असतो. तो विसरू नका. पांढऱ्या फरचा छोटा तुकडा आधी शिवून घ्या, त्याखाली डोळा बसवा आणि डोळ्याभोवती काळ्या दोऱ्याने दाट टाका घाला. डोळ्याला एकदम धार येते.

कानांचं काम सोपं आहे. तुम्ही त्रिकोणी कापले आहेत, ते मांजराचे. वाघाचे कान छोटे, गोल आणि डोक्याच्या कडेला असतात. पुढून आत पांढरट, मागून काळे, आणि त्या काळ्यात मधोमध पांढरा ठिपका. हा ठिपका कशासाठी असावा याबद्दल अभ्यासकांत मतं वेगवेगळी आहेत. बछड्यांना गवतातून आईच्या मागे चालता यावं म्हणून, असं काही म्हणतात. मागून येणाऱ्याला तो डोळा वाटावा म्हणून, असं दुसरे म्हणतात. आपल्याला एवढंच कळलं तरी पुरे की पोर खेळणं हातात घेतं आणि पहिल्यांदा उलटं करून बघतं. कानामागे ठिपका दिसला की ते हमखास त्यावर बोट ठेवतं. बाजारातल्या भल्या महागड्या वाघांच्या कानामागेही हा ठिपका नसतो, साधं केशरी कापड असतं. तुमच्या मालात तो असू द्या.

नाकाचा दांडा मात्र फर्म्यातच, म्हणजे कापड कापायच्या कागदी नमुन्यातच, बदलावा लागेल. तुमच्या वाघाचं तोंड दोन बाजूंच्या दोन तुकड्यांचं आहे, म्हणून ते चपटं आणि निमुळतं झालंय. त्या दोन तुकड्यांच्या मध्ये नाकापासून मानेपर्यंत तिसरी पट्टी घाला. ती नाकावर चांगली रुंद ठेवा, डोळ्यांच्या मध्ये किंचित आवळा आणि कपाळावर पुन्हा पसरू द्या. वाघाचा दांडा रुंद आणि लांब असतो, मांजराचा आखूड. नाकाचा शेंडा गुलाबी करा, काळा नको. वय वाढलं की त्यावर काळे ठिपके येतात, पण आपण काही म्हातारा वाघ विकत नाही. ओठ आणि हनुवटी पांढऱ्या फरची. गालांवर जरा लांब केसांचं कापड लावलंत तर नराचे कल्ले दिसतात.

आता पट्टे. इथे जरा सविस्तर लिहिते, कारण सगळे घाईत असतात ते इथेच.

बाजारात पट्ट्यांचं छापील फर मिळतं आणि कामाच्या घाईत तेच घ्यावंसं वाटतं. त्याची अडचण अशी की छपाई थानावर एकाच दिशेने जाते, आणि आपण तुकडे फिरवून-फिरवून कापतो. मग पाठीवर पट्टे उभे, मांडीवर आडवे, पोटाखाली तेच, पंजावरही तेच. दिसायला कुत्र्याने वाघाचं पांघरूण ओढून घेतल्यासारखं. खऱ्या वाघाचे पट्टे पाठीच्या कण्यापासून निघतात, बरगड्यांवरून खाली उतरतात आणि पोटाकडे येताना बारीक होत विरतात. पोट, पायांची आतली बाजू आणि गळा पांढरा. पुढच्या पायांच्या बाहेरच्या बाजूला पट्टे अगदी कमी, मागच्या मांड्यांवर भरपूर. शेपटीला कडी, टोक काळं. आणि पट्टा म्हणजे सरळ फीत नव्हे. तो मध्ये फुगतो, कुठे दुभंगतो, कुठे दोन पट्टे मिळून लांबट पानासारखा पोकळ आकार होतो. कागदावर काढताना पट्टीने रेघ मारली की वाघ मेलाच म्हणून समजा.

दुसरी गोष्ट. वाघाची डावी आणि उजवी बाजू सारखी नसते, आणि एका वाघाचे पट्टे दुसऱ्याशी जुळत नाहीत. जंगलात वाघ मोजतात ते ह्याच आधारावर. पायवाटेच्या दोन्ही कडांना समोरासमोर कॅमेरे बांधतात, म्हणजे एकाच वेळी दोन्ही कुशींचे फोटो मिळतात, आणि मग पट्टे जुळवून कोणता वाघ कोणता ते ठरतं. 2022 च्या देशव्यापी गणनेत भारतात सरासरी 3,682 वाघांचा अंदाज निघाला, महाराष्ट्रात 444. आपल्या खान्देशाच्या वाट्याला त्यातले फार थोडे. मुक्ताईनगरकडचं वढोद्याचं जंगल आणि तिथून पुढे सातपुड्याच्या रांगेने यावल अभयारण्याकडे जाणारा पट्टा, एवढीच त्यांची ये-जा. तिकडे पूर्णेच्या काठच्या केळीच्या बागांतही वाघ फिरल्याचं तिथले शेतकरी सांगतात. तुमच्या गटातल्या बायांना हे नुसतं ऐकवू नका, कामाला लावा. पट्ट्यांचा कागदी फर्मा उलटा करून दुसऱ्या बाजूला वापरायचा नाही. डावी बाजू एकीने काढायची, उजवी दुसरीने. प्रत्येक वाघ वेगळा निघेल, आणि 'ह्याच्यासारखा दुसरा नाही' हे गिऱ्हाइकाला सांगताना खोटंही ठरणार नाही.

किती पट्टे? तुमच्या वीतभर वाघाला एका कुशीला सात-आठ पुरे. सातपुड्यातल्या पाड्यांवर वाघदेवाची जी जुनी लाकडी फळी किंवा दगड असतो तो कधी निरखून बघा. वर सूर्य-चंद्र, खाली वाघ, आणि त्या वाघाला कोरणाऱ्याने दिलेलं असतं काय, तर चार पाय, वर वळलेली शेपटी आणि मोजके पट्टे. शेंदराखाली अर्धं बुजलेलं असतं तरी लांबून ओळखू येतो. कुठे थांबायचं ते त्या कोरणाऱ्याला कळलेलं असतं.

पट्टे लावण्याची माझी पद्धत सांगते. काळ्या फरचे निमुळते तुकडे कापायचे, त्यांचं रुंद टोक पाठीच्या शिवणीतच धरायचं आणि बाकीची कड हाताने किंवा बारीक झिगझॅगने टाकायची. म्हणजे पट्टा कण्यातून निघाल्यासारखा दिसतो, कडेला उसवत नाही. कापडी रंगाने ब्रश फिरवायचा मोह होतो, पण फरवर रंग वाळला की केस ताठ होतात, हाताला काटे लागतात. आखूड केसांच्या कापडावर एक वेळ चालेल. अगदी छोट्या वाघाला सरळ भरतकाम करा.

रंग निवडताना भडक केशरी टाळा. खरा वाघ पाठीवर गडद, कुशीला फिकट, मातकट पिवळ्याकडे झुकणारा असतो. 'एवढा भडक असून हरणाला कसा दिसत नाही' असं पोरं विचारतातच. हरणाच्या डोळ्यांना लाल-केशरी रंग आपल्यासारखा ओळखता येत नाही. त्याला वाघ हिरवट-करडा दिसतो, गवतात मिसळून जातो. पट्ट्यांनी उरलेली आकृती मोडते. स्टॉलवर बसणाऱ्या बाईला हे एवढं पाठ असू द्या. गिऱ्हाईक दोन मिनिटं जास्त थांबतं.

कापड कापताना: फरला केसांचा कल असतो, हात फिरवून आधी तो बघा. डोक्यापासून शेपटीकडे केस झोपले पाहिजेत, पायांवर वरून खाली. प्रत्येक फर्म्यावर बाण काढून ठेवा. कापड उलटं घाला, मागच्या विणीवर खूण करा आणि कात्रीचं नुसतं टोक घालून फक्त वीण कापा. पूर्ण पातं चालवलं की केस अर्ध्यात तुटतात आणि शिवणीवर टक्कल पडतं. शिवून झाल्यावर सुलट करा आणि जाड सुईने शिवणीत अडकलेले केस एकेक करून बाहेर ओढा. कंटाळवाणं काम आहे, पण त्याने शिवण नाहीशी होते. कापताना बारीक केस उडतात, तोंडाला रुमाल बांधा, लहान मूल शेजारी बसवू नका. कापडासाठी सुरत आपल्याला जवळ. ताप्ती लाइनच्या (जळगाव-सुरत) गाडीने थेट जाता येतं. पण पूर्ण थान घेण्याआधी तुकडा आणून धुवून बघा. काळा रंग पांढऱ्या पोटावर उतरला तर सगळा माल वाया.

भरायला रेक्रॉन, म्हणजे उशांत भरतात तो पॉलिएस्टरचा मऊ तंतू. घरच्या गादीतला कापूस नको, गोळे होतात आणि धुतला की वाळत नाही. आधी नाकाचा शेंडा काठीने गच्च भरा, मग डोकं, मग मान. मान ढिली राहिली की महिनाभरात डोकं लोळतं. पोट मात्र सैल ठेवा, पोर वाघ पोटाशी धरून झोपतं. उभा वाघ करायचा हट्ट सुरुवातीला नको. पाय वाकू नयेत म्हणून कुणी तार घालायला सांगेल, ती लहान मुलाच्या खेळण्यात कधीच घालायची नाही. पुढचे पाय पसरून बसलेला वाघ करा. सोपा आणि खपतोही.

शेपटी जाड, लांब, शेवटपर्यंत जवळपास सारखी. पंजे मोठे. बोटांसाठी पंजावर तीन टाके ओढले की झालं.

पांढरा वाघ करा, मागणी असते. लाल डोळे लावू नका, तो भुरा (अल्बिनो, अंगात रंगच नसलेला) नसतो. त्याचे डोळे निळे, नाक गुलाबी, पट्टे करडे-तपकिरी. आजचे जगभरातल्या प्राणिसंग्रहालयांतले पांढरे वाघ बहुतेक सगळे 1951 साली रीवाच्या महाराजांनी पकडलेल्या 'मोहन' नावाच्या एका बछड्याच्या वंशातले. नात्यातल्या नात्यात जोड्या लावून तो रंग टिकवला गेला, आणि त्यापायी कित्येकांना डोळ्यांचे आणि हाडांचे दोष आले. 'पांढरे वाघ संपत चालले, त्यांना वाचवा' असं चिठ्ठीवर छापू नका, ते खरं नाही.

चित्त्याबद्दल जरा स्पष्ट बोलते. तुम्ही ज्या कापडाचा चित्ता करू म्हणता, त्यावर पोकळ फुलासारखे डाग आहेत. ते बिबट्याचे. डागांच्या मध्ये पुन्हा ठिपके असतील तर तो जग्वार, आणि तो तर अमेरिकेतला. चित्त्याचे ठिपके भरीव असतात आणि डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून तोंडाकडे काळी रेघ उतरते. भारतातला चित्ता 1952 साली नामशेष जाहीर झाला, आणि सप्टेंबर 2022 मध्ये नामिबियातून आणलेले आठ चित्ते मध्य प्रदेशात कुनोत सोडले. तो करायचा तर भरीव ठिपक्यांचं कापड आणा. पण माझं मत विचाराल तर बिबट्याच करा आणि चिठ्ठीवर बिबट्याच लिहा. आपल्याकडच्या उसात, केळीत, मक्यात वावरणारं जनावर तेच आहे. गावातल्या पोरांनी त्याचं नाव भीतीपोटीच ऐकलेलं असतं. त्याचा चेहरा कसा आहे, डाग कसे आहेत, हे निवांत हातात घेऊन बघायला त्यांना दुसरं काय मिळतं?

आता मार्क. हो, लागतो. केंद्र सरकारचा खेळण्यांसाठीचा गुणवत्ता नियंत्रण आदेश 2020 सालचा आहे आणि 1 जानेवारी 2021 पासून लागू आहे. चौदा वर्षांखालच्या मुलांसाठीच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. तुमच्या मालाला आयएस 9873 हे मानक लागेल. आत दिवा किंवा आवाजाची डबी घातलीत की विजेच्या खेळण्यांचं आयएस 15644 लागतं. त्या भानगडीत पडूच नका. आवाजाची डबी बहुतेक 'म्याऊ' करते, आणि आपण आत्ताच एवढं करून मांजर घालवलंय. सूट आहे ती केंद्राच्या हस्तशिल्प विकास आयुक्तांच्या कार्यालयात नोंदणी असलेल्या कारागिरांच्या मालाला. तुमच्या बायांची ती नोंदणी होते का, हे आधी विचारून घ्या. बचत गट आहे म्हणून आपोआप सूट मिळत नाही.

चिन्ह असो वा नसो, काही गोष्टी पाळायच्याच. तीन वर्षांखालच्या मुलासाठी प्लास्टिकचे डोळे नकोत, डोळा भरतकामाचा. सुटून येणारा भाग पोराच्या घशात जाईल का हे तपासायला 31.7 मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात. कुठल्याही दिशेने धरून जो भाग पूर्ण आत मावतो तो धोक्याचा. वाघाचे बहुतेक डोळे त्यात सहज मावतात. मोठ्या मुलांच्या वाघाला डोळा लावताना भोक कात्रीने पाडू नका, वीण उसवत जाते. आरीने पाडा, मागून जाड कापडाचा तुकडा ठेवा, मग डोळ्याच्या दांडीवर मागून चकती दाबा आणि चिमटीत धरून जोर लावून ओढून बघा. नायलॉनच्या मिशा लहान मुलांना नकोत. आणि रोज संध्याकाळी सुया मोजा. एखादी तुटली असेल तर दोन्ही तुकडे सापडेपर्यंत त्या दिवसाचा माल बांधायचा नाही. शिवाय प्रत्येक वाघावरून जोरदार लोहचुंबक फिरवायचं.

सुरुवात छोट्या वाघाने करा. जर्मनीतल्या मार्गारेटे श्टाइफ या बाईने 1880 च्या सुमारास टाचण्या खोचायला कापडी हत्ती शिवले होते. पोरंच त्यांच्याशी खेळायला लागली आणि त्यातून पुढे जगप्रसिद्ध खेळण्यांचा कारखाना उभा राहिला. पोलिओमुळे ती बाई चाकाच्या खुर्चीत असायची.

जाता जाता, न विचारलेलं एक. माल गावात दिसायला लागला की कुणी शेतकरी येऊन 'माकडं-डुकरं पळवायला शेतात ठेवायला मोठा वाघ शिवून द्या' म्हणणारच. माझ्याकडे दर हंगामात येतात. मी नाही म्हणते. माकडं चार दिवसांत ओळखतात की हा हलत नाही. पावसात रेक्रॉन भिजून त्याचं पोतं होतं. आणि लांबून तो माणसांनाच खरा वाटतो ही खरी पंचाईत. 2011 साली इंग्लंडमध्ये हॅम्पशायरला रानात पांढरा वाघ दिसल्याची खबर आली, पोलीस धावले, वर हेलिकॉप्टर आलं. उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यात त्याच्या अंगातून काहीच ऊब दिसेना, तेव्हा कळलं की तो मोठ्या आकाराचा मऊ खेळण्यातला वाघ आहे. आपल्याकडे तसं झालं तर बांधावर अर्धं गाव गोळा होईल, केळीत दगड पडतील, वनखात्याची माणसं दुसरीकडचं काम टाकून येतील, आणि एखाद्या दिवशी खरंच कुणी दिसला तर कुणी विश्वास ठेवणार नाही.

त्याऐवजी शेतकऱ्याच्या घरातल्या पोरासाठी वाघीण आणि बछड्यांचा संच सुचवा. वाघिणीला एका वेळी साधारण दोन ते चार पिल्लं होतात आणि ती जवळपास दोन वर्षं आईबरोबर राहतात. नर त्या संसारात नसतो, म्हणजे तुमचंही एक मोठं जनावर शिवायचं वाचतं. बछड्यांना उरलेल्या तुकड्यांतलं कापड पुरतं. फक्त ऑर्डर घेताना अर्धे पैसे आगाऊ घ्या.